हातांची स्वच्छता आणि मिनिटांचा हिशेब

आजार बरा व्हावा म्हणून रुग्णालयात दाखल व्हावे आणि तेथेच नवा संसर्ग जडावा, हा दैवदुर्विलास वाटतो तितका विरळा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी ७ जणांना, तर अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असा संसर्ग होतो. त्यांतील सरासरी दहापैकी एक रुग्ण दगावतो. हे जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पोहोचतात ते प्रामुख्याने उपचार करणाऱ्यांच्या हातांवरून.

यावरचा उपाय व्हिएन्नाच्या रुग्णालयात डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्येच सिद्ध केला होता. क्लोरिनयुक्त द्रावणाने हात धुण्याची सक्ती होताच तेथील बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तरीही हा साधा नियम पाळला का जात नाही, हा प्रश्न कायम आहे. त्याचे खापर बहुधा फोडले जाते ते परिचारिकांवर. त्यांना शिस्त नाही, असा सोपा निष्कर्ष काढला जातो. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे.

जिनिव्हा विद्यापीठ रुग्णालयात डॉ. दिदिए पिते आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये केलेली पाहणी या संदर्भात बोलकी आहे. हात स्वच्छ करण्याची गरज असलेल्या प्रसंगांपैकी ४८ टक्के प्रसंगीच ते केले गेले. परिचारिकांचे प्रमाण ५२ टक्के, तर डॉक्टरांचे अवघे ३० टक्के होते. अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे तासाला सरासरी २२ वेळा असा प्रसंग येई आणि तेथेच पालन सर्वांत कमी, म्हणजे ३६ टक्के होते. बालरुग्ण विभागात प्रसंग तासाला आठ आणि पालन ५९ टक्के. थोडक्यात, काम जितके अधिक, तितके हात धुणे कमी.

हिशेब सरळ आहे. साबण-पाण्याने नीट हात धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात. २२ वेळा धुवायचे तर तासातील १५ ते २२ मिनिटे त्यातच जातात. बेसिनपर्यंतच्या येरझारा वेगळ्याच.

जिनिव्हात यावर उपाय झाला तो अल्कोहोलयुक्त द्रावणाच्या बाटल्या रुग्णाच्या खाटेशीच ठेवण्याचा. त्याने २० ते ३० सेकंदांत काम भागते. त्याला फलकांची आणि वरिष्ठांच्या पाठिंब्याची जोड मिळाली. १९९७ पर्यंत पालन ६६ टक्क्यांवर गेले आणि १९९८ पर्यंत संसर्गाचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. ही सुधारणा घडवली ती परिचारिका आणि त्यांच्या मदतनीसांनी. डॉक्टरांच्या सवयीत फारसा फरक पडला नाही.

इतरही कारणे आहेत. वारंवार धुण्याने त्वचेला भेगा पडतात. हातमोजे घातले की हात धुण्याची गरज नाही, असा गैरसमज असतो. रुग्णाला स्पर्श केल्यानंतर स्वतःच्या काळजीपोटी हात धुतले जातात, स्पर्शापूर्वी मात्र राहून जातात. शिवाय राउंडला आलेले वरिष्ठच हात न धुता एका खाटेवरून दुसरीकडे जाऊ लागले, तर कनिष्ठांकडून वेगळी अपेक्षा कशी करणार?

आपल्याकडे हा प्रश्न अधिक बिकट आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयांच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. सार्वजनिक रुग्णालयांत प्रत्यक्षात एकीकडे त्याच्या कितीतरी पट रुग्ण असतात. खाटांच्या मधल्या जागेत गाद्या टाकून रुग्ण ठेवले जातात, तेथे बाटली अडकवायची कोठे, हाच प्रश्न असतो. वॉर्डाच्या टोकाला एकच बेसिन, तेथे कधी साबण नाही तर कधी पाणी नाही, अशा स्थितीत भिंतीवरचे फलक काय साधणार?

करोनाच्या साथीत सॅनिटायझरची बाटली घरोघरी पोहोचली. ती प्रत्येक खाटेशी कायम भरलेली ठेवणे अशक्य नाही. रिक्त पदे भरणे आणि नियमाची सुरुवात डॉक्टरांपासून करणे, हे त्याहून कठीण असले तरी टाळता येण्याजोगे नाही. ते न करता परिचारिकांना 'कारणे दाखवा' नोटिसा बजावणे म्हणजे प्रशासनाने या प्रश्नातून स्वतःचेच हात झटकणे होय.