ढिगाऱ्यावरची हवा कोणाच्या अखत्यारीत?

१७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी जपानच्या कोबे शहराखालची जमीन हादरली आणि काही सेकंदांत एका संपन्न बंदराची रया गेली. ६,४३४ माणसे मेली. एक लाखाहून अधिक घरे पार कोसळली. ही मोजदाद सरकारदप्तरी आहे. परंतु त्या भूकंपाचे बळी एवढेच, असे म्हणण्यास आज कोणी धजावणार नाही. त्या शहरातील ढिगारे उपसण्याचे काम जवळपास दोन महिने केलेल्या एका मजुरास पुढे फुप्फुसावरणाचा कर्करोग झाला आणि २००८ मध्ये, म्हणजे भूकंपानंतर तेरा वर्षांनी, तो कामामुळेच जडला असे मान्य करून त्याला नुकसानभरपाई मंजूर करण्यात आली. हा रोग ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे होतो आणि शरीरात तो वीस ते पन्नास वर्षे दबा धरून बसतो. त्यामुळे कोबेचा हिशेब अद्याप मिटलेला नाही.

जपानमध्ये १९७५ पर्यंत लोखंडी सांगाड्याच्या इमारतींना आगीपासून संरक्षण म्हणून ॲस्बेस्टॉसचा थर फवारला जात असे. इमारत उभी आहे तोवर तो थर निपचित असतो. ती पाडताना तो हवेत उधळतो. तो पाण्याने भिजवावा, जागा चहूबाजूंनी बंदिस्त करावी आणि मगच घण घालावा, हे शास्त्र १९९५ मध्येही ठाऊक होते. नव्हते ते कायद्याचे बळ. जपानच्या वायुप्रदूषण कायद्यात १९८९ साली ॲस्बेस्टॉसचा समावेश झाला, पण तो कारखान्यांपुरता. कारखान्याच्या कुंपणाशी लिटरभर हवेत दहांहून अधिक तंतू असू नयेत, असा दंडक होता. कुंपणाबाहेरच्या शहरात इमारती पाडणाऱ्यांस मात्र तो लागू नव्हता. भूकंपाने गल्लोगल्ली कारखाना उघडला आणि निरीक्षकाच्या हाती उरल्या त्या केवळ मार्गदर्शक सूचना. सूचना न पाळणाऱ्यास दंड होत नसतो, हे कंत्राटदारास सांगावे लागत नाही.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच होती. पडक्या इमारती सार्वजनिक खर्चाने पाडून देण्याचे ठरले आणि ते काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे आले. म्हणजे इमारत लवकर पाडा असा तगादा लावणारी आणि ती सावकाश, भिजवून, झाकून पाडली जाते की नाही हे पाहणारी यंत्रणा एकाच छपराखाली बसली. अशा वेळी कोणता खाते-प्रमुख बैठकीत वरचढ ठरतो, हे सरकारी कचेरीत चार वर्षे काढलेला कोणताही कारकून सांगू शकेल. हिवाळ्याच्या कडाक्यात लोक शाळांच्या सभागृहांत झोपलेले असताना हवेतील तंतू मोजत बसावयाचे काय, असा युक्तिवाद होतो. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु वेग आणि दक्षता यांत निवड करण्याची पाळी त्याच प्रशासनावर येते, ज्याने आपत्तीपूर्वी कोणत्या इमारतीत काय आहे याची यादी केलेली नसते.

जपानने धडा घेतला, पण सवडीने. १९९६ च्या दुरुस्तीने पाडकामाची आगाऊ सूचना प्रांताच्या गव्हर्नरांस देणे बंधनकारक झाले; फवाऱ्याखेरीज साध्या ॲस्बेस्टॉस-तक्त्यांनाही नियम लागू होण्यास २०२० ची दुरुस्ती उजाडावी लागली.

आपल्याकडे काय? ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धनपासून किनारपट्टीवरील छपरे उडवली. ज्यांना आपण सहजपणे ‘सिमेंटचे पत्रे’ म्हणतो, त्यांत ॲस्बेस्टॉस मिसळलेले असते. फुटके पत्रे लोकांनी हातांनीच गोळा केले. पंचनाम्यात पडलेल्या छपराची नोंद होते. त्याच्या भुग्याची होत नाही. २००९ च्या राष्ट्रीय हवा मानकांत बारा प्रदूषके आहेत, त्यांत ॲस्बेस्टॉस नाही. म्हणून चौकातील फलकावर हवा ‘समाधानकारक’ दिसत असली तरी या तंतूंविषयी तो फलक मुका असतो. ते गाळणीवर धरून सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे लागतात. १९८१ च्या कायद्याने हवेवरील देखरेखीचे अधिकार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळास दिले; २००५ च्या कायद्याने जिल्ह्यातील आपत्तीचे सुकाणू जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले; राडारोडा उचलणे मात्र पालिकेच्या वाट्याला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली काढली, हे चांगलेच झाले. पण ती चालू स्थितीतील शहरासाठी आहे. शहर आडवे पडल्यावर पत्र्यांचे कुंपण कोण घालणार आणि न घातल्यास काम कोण थांबवणार, हे आताच लिहून ठेवावयास हवे. तो अधिकार पाडकामाची बिले मंजूर करणाऱ्या खात्याकडे नसावा, एवढे तरी कोबेवरून शिकता येईल.

योगायोग असा की, कोबेच्या भूकंपानंतर दहाच दिवसांनी, २७ जानेवारी १९९५ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षे किंवा ती सुटल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपण्याचा आदेश दिला. तो कारखान्यातील कामगारास लाभला. वादळानंतर फुटके पत्रे भरणाऱ्या रोजंदारीवरील मजुराचे नाव हजेरीपटावर असते, आणि बिल चुकते झाले की तो हजेरीपट रद्दीत जातो. तो निदान चाळीस वर्षे जपण्यास नव्या कायद्याची गरज नाही. ग्रामपंचायतीच्या एका ठरावाने आणि एका कपाटाने ते काम होऊ शकते.