परत आलेल्या विद्यार्थ्याची जागा

लूकच्या शुभवर्तमानांतील उधळ्या पुत्राचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ आहे. धाकटा मुलगा दूर देशीं सर्व उडवून परत येतो, बाप धांवत जाऊन त्यास कवटाळितो, घरांत मेजवानी सुरू होते. आणि शेतावरून आलेला थोरला भाऊ रागावून आंत यावयास नाकारतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. थोरला पुढें आंत गेला कीं नाहीं, हें तेथें सांगितलेलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते दोघे भाऊ एकाच शेतांत कसे उभे राहिले, हेंहि सांगितलेलें नाहीं. आम्हां शिक्षकांचें काम त्या दुसऱ्या सकाळीं सुरू होतें, म्हणून व्यसनांतून बाहेर पडून वर्गांत परत येणाऱ्या मुलामुलींविषयीं येथें लिहीत आहों.

‘आमच्या मुलांत असलें कांहीं नाहीं,’ असें म्हणण्याची सोय आतां उरलेली नाहीं. २०१९ सालच्या देशव्यापी पाहणींत १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा ८.५ तंबाखूचें सेवन करणारे आढळले. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या मादक पदार्थांविषयींच्या सरकारी पाहणीनें आणखी एक गोष्ट पुढें आणिली. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचें सोल्यूशन असले हुंगावयाचे पदार्थ घेणाऱ्यांचें प्रमाण मुलांत शेंकडा १.१७, तर प्रौढांत ०.५८ भरलें. मोठ्यांहून लहानांत अधिक असलेलें व्यसन त्या पाहणींत हें एकच. आणि या वस्तु दारूच्या गुत्त्यांत मिळत नाहींत. वह्या-पेन्सिलींच्या दुकानांत मिळतात.

अशा मुलाचें नांव पटावरून कमी करावें, अशी सूचना कित्येक सुज्ञ पालकांकडून आम्हांस ऐकावी लागते. एक नासका आंबा सारी आढी नासवितो, हा त्यांचा युक्तिवाद. त्यांची भीति खोटी आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. आमच्याहि घरीं याच वयाचीं मुलें आहेत. परंतु नासलेला आंबा पुनः नीट होत नाहीं आणि सोळा वर्षांचा मुलगा होतो, एवढा फरक या उपमेंत राहून गेला आहे. शिवाय दाखला हातीं दिल्यावर तो जाईल कोठें? फार तर १७ नंबरचा अर्ज भरून दहावीची परीक्षा बाहेरून द्यावयाची. म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत बापडा मोकळा. नाक्यावरचें टोळकें दाखला मागत नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें आठवीपर्यंतच्या मुलास शाळेंतून काढण्यास मनाई केली. अल्पसंख्याकांच्या शाळांस तो कायदा लागू नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं दिला. त्या निर्णयाच्या आडोशानें मुलास बाहेर काढणें मिशनच्या शाळेस शोभणारें नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मात्र नांव पटावर ठेवलें म्हणजे काम संपलें, असें नव्हे. व्यसन सोडल्यावर पहिले कांहीं आठवडे, पुष्कळदां कांहीं महिनेसुद्धां, झोंप नीट लागत नाहीं, मन चिडखोर होतें, वाचलेलें ध्यानांत राहत नाहीं. मोह आवरून पुढचा विचार करावयास लावणारा मेंदूचा भाग पंचविशीच्या सुमारास पक्व होतो. तो अजून घडत असतांनाच हा घाव बसलेला असतो. असा मुलगा तिसऱ्या तासाला डुलकी घेतो, आणि आम्ही त्यास आळशी म्हणून उभा करितों! ही चूक आमच्या हातून झालेली आहे. सांगावयास लाज वाटते, तरी सांगतों. भूमितीचें एक प्रमेय अशा एका विद्यार्थ्यास आम्ही तीनदां समजावलें. पुढें लक्षांत आलें कीं, त्याचें घोडें सातवींतील अपूर्णांकांतच अडलें होतें, कारण त्या वर्षापासून तो वर्गांत केवळ देहानें बसत होता. तेव्हां खंड कोठें पडला तें आधीं शोधावें व, इयत्ता कोणतीहि असो, तेथूनच आरंभ करावा. वीस उदाहरणांऐवजीं पांच द्यावीं, पण तीं त्याच दिवशीं तपासून परत करावीं. बुडालेला सारा अभ्यास महिन्याभरांत भरून काढण्याचा हट्ट घरच्यांनींहि धरूं नये.

त्याची सर्व हकीकत एका शिक्षकास ठाऊक असावी. इतरांस लागेल तेवढीच. शिक्षकांच्या खोलींत चहाबरोबर ती कथा चघळणें हें तंबाखू चघळण्याहून कांहीं बरें नव्हे. मधली सुटी आणि शाळा सुटल्यानंतरचा तास हे त्याचे अवघड काळ. त्या वेळीं मैदानावर, ग्रंथालयांत, बागेंत, कोठें तरी त्यास नेमून दिलेलें काम असावें, आणि तें शिक्षा वाटूं नये. शाळेपासून १०० यार्डांच्या आंत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्यानें बंदी असतां फाटकासमोरच्या टपरीवर पुड्या लोंबत असतील, तर आम्ही प्रथम आपलें अंगण झाडावें. चित्रकलेच्या कपाटांतील थिनरला कुलूप हवें, हें निराळें सांगावयास नको.

मध्येंच पाय घसरला तर? तसा संभव पुष्कळ असतो. वैद्यकशास्त्र या दुखण्याकडे दम्यासारख्या चिवट विकाराप्रमाणें पाहतें, आणि दमा उलटला म्हणून कोणी मुलाचें नांव कमी करीत नाहीं. अशा वेळीं कोणास कळवावयाचें, डॉक्टरांकडे कोणी न्यावयाचें, वर्गांत पुनः केव्हां घ्यावयाचें, हें पालक, विद्यार्थी व वर्गशिक्षक यांनीं आरंभींच ठरवून ठेवावें. रागाच्या भरांत ठरवूं नये. जो दुसऱ्याच्या हातांत पुडी देतो त्याची गोष्ट निराळी. उपचार त्यासहि हवाच, पण इतर मुलांचें रक्षण आधीं. तेथें आम्ही कठोर आहों व राहूं.

अमेरिकेंत अशा मुलांकरितां स्वतंत्र हायस्कुलें आहेत. मेरीलँडमध्यें असें एक १९७९ सालीं निघालें, मिनेसोटांत १९८९ सालीं. अभ्यासक्रम नेहमींचाच, परंतु सारे सोबती त्याच वाटेनें चाललेले. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, उपचार घेऊन आलेल्या १९४ मुलांची तुलना केली असतां, सहा महिन्यांनंतर पूर्ण निर्व्यसनी राहिलेल्यांचें प्रमाण अशा शाळांत इतर शाळांपेक्षां बरेंच अधिक आढळलें. आम्हांस निराळी शाळा काढणें शक्य नाहीं. परंतु सोबत हें औषध आहे, एवढें यावरून उमगतें, आणि सोबत आमच्या प्रत्येक वर्गांत आहे. पुण्याचें मुक्तांगण १९८६ पासून माणसांस व्यसनांतून बाहेर काढीत आलें आहे. भूमिति शिकविणें व शेजारीं बसावयास मित्र देणें, हें काम मात्र शाळेचेंच.

विद्यार्थ्यांनो, असा सोबती तुमच्या बांकावर येऊन बसला तर ‘इतके दिवस कोठें होतास?’ म्हणून त्यास खोदखोदून विचारूं नका. त्याच्यावर हेरगिरीहि करूं नका. बुडालेल्या धड्यांची वही त्यानें न मागतां द्या. चेष्टेनेंसुद्धां व्हाइटनरची बाटली त्याच्या नाकाशीं नेऊं नका. आणि तुमच्यापैकींच कोणास या गोष्टीनें घेरलें असेल तर त्यानें अगर तिनें वर्गशिक्षकांस सांगावें. तेवढें धैर्य होत नसेल तर १४४४६ या क्रमांकावर केंद्र सरकारची विनामूल्य दूरध्वनि-सेवा आहे.

जूनमध्यें शाळा उघडेल तेव्हां असा विद्यार्थी आमच्या दारीं आला, तर हजेरीपटावर त्याचें नांव असेल, आणि त्याची जागा खिडकीजवळ, दुसऱ्या ओळींत, राखून ठेवलेली असेल. त्याच्या शेजारीं कोण बसणार, हें थोरल्या भावांनीं सुटींत ठरवावें.