उपयोग काय?

भिंगारला समुद्र नाही. छावणी आहे, रणगाडे आहेत, पलीकडे नगरचा भुईकोट किल्ला आहे. पण समुद्र पाहायचा तर सह्याद्री उतरावा लागतो. त्यामुळेच की काय, समुद्राविषयी ठाम मतं असणारी माणसं आमच्याकडे फार.

परवा बँकेत डबा खाताना मी दिलीप दोंद्यांचा विषय काढला. नौदलातला हा मराठी अधिकारी 19 ऑगस्ट 2009 रोजी ‘म्हादेई’ ह्या 56 फुटी शिडाच्या बोटीतून मुंबईहून एकटा निघाला आणि वाटेत चार बंदरं घेत, पृथ्वीप्रदक्षिणा करून 2010च्या मे महिन्यात परतला. एकट्यानं अशी प्रदक्षिणा करणारा पहिला भारतीय! बोटही गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली. न्यूझीलंड सोडल्यावर अख्खा दक्षिण प्रशांत महासागर ओलांडायचा, केप हॉर्नला वळसा घालायचा, तेव्हा कुठे फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅन्ली दिसायचं.

“ते सगळं ठीक आहे हो,” आमचे कॅशियर लोणच्याची फोड चोखत म्हणाले, “पण उपयोग काय?”

हा प्रश्न आपण लॉकरमधल्या पंधराव्या तोळ्याला कधी विचारत नाही! पूर्वी समुद्र ओलांडला की जात जायची, आता इन्क्रिमेंट जाईल म्हणून जीव जातो. सिंधुबंदी तीच, फक्त शास्त्रीबुवा बदलले.

उपयोग सांगतो. आपल्या देशात कुठल्याही कचेरीत जा, उत्तर एकच: “पलीकडच्या खिडकीवर विचारा.” मी स्वतः खिडकीमागे बसतो, म्हणून अधिकारानं बोलतो. भर समुद्रात एकट्या माणसाला पलीकडची खिडकीच नसते. सुकाणू त्याचं, शीड फाटलं तर सुईदोरा त्याचा, भातही त्यानंच लावायचा. ‘साहेब रजेवर आहेत’ म्हणायची सोय नाही, कारण साहेब तोच! असा एक माणूस देशात तयार झाला, हा उपयोग थोडा का आहे?

आणि तो एकावर थांबला नाही. 2017-18 साली नौदलातल्या सहा स्त्री-अधिकारी ‘तारिणी’तून 254 दिवसांत जग फिरून आल्या. ही बोटही दांडेकरांचीच. शेवटच्या टप्प्यात सुकाणू बिघडलं, तेव्हा त्यांनी मॉरिशस बेट गाठलं, दुरुस्ती केली आणि गोव्याला पोचल्या. आमच्या गल्लीतली एक दहावीतली मुलगी नौदलात जायचं म्हणते, तर घरचे विचारतात, “कशाला?” तिला पोहायला तरी येतं का, हेसुद्धा कुणी विचारत नाही!

महिनोन्‌महिने पाणी कापत बेटावर आलेल्या माणसाला शहाणं माणूस विचारील, “कसे आलात?” आपण विचारतो, “कशाला आलात?” मंडळी, फरक एवढाच आहे. ‘कसं?’मधून बोट तयार होते; ‘कशाला?’मधून फक्त रजेचा अर्ज नामंजूर होतो.