केबलवाल्याचा दाखला : मुदत पाच वर्षांची, काळजी आजची

आम्ही कापडाचे व्यापारी. केबलच्या धंद्यात आमचा एक पैसाही गुंतलेला नाही. तरीही या पानावर केबलवाल्याच्या नोंदणीविषयी लिहावेसे वाटले, कारण मालेगाव-भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावांत मोहल्ल्याचा केबलवाला हा आपल्याच कारागिरांच्या घरातला माणूस असतो. कुणी माग विकून या लाइनीत आला, कुणी धाकट्या भावाला यात घातले.

हा धंदा कायद्याखाली आला तो 1994 च्या वटहुकुमाने आणि पुढे 1995 च्या केबल कायद्याने. त्यानंतर अनेक वर्षे स्थानिक केबलचालकाची नोंदणी हेड पोस्ट ऑफिसात होत असे. फी 500 रुपये, मुदत एक वर्ष. दरसाल फॉर्म भरायचा, खिडकीवर उभे राहायचे. 17 जानेवारी 2025 पासून ही पद्धत बंद झाली. आता नोंदणी करणारे खाते म्हणजे दिल्लीचे माहिती व प्रसारण मंत्रालय. अर्ज ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर, मुदत 5 वर्षे, आणि फी नव्या नोंदणीलाही व नूतनीकरणालाही 5,000 रुपये. दाखला देशभर चालतो.

फी वाढली अशी ओरड आहे. व्यापारी माणसाने हिशोब करून पाहावा. पूर्वी पाच वर्षांचे 2,500 होत, आता 5,000 होतात, म्हणजे दुप्पट. 2019 च्या दरपत्रकात शंभर चॅनलांचे नेटवर्क भाडे 130 रुपये होते आणि वेगळा करार नसेल तर त्यात स्थानिक चालकाचा वाटा 45 टक्के, म्हणजे 58 रुपये 50 पैसे. त्या दराने ही फी 86 घरांच्या एका महिन्याच्या वाट्याइतकी होते, आणि ती पाच वर्षांतून एकदा द्यायची. दरसालच्या चकरा वाचल्या हेही धरा. फीवर आमची तक्रार नाही.

आमची तक्रार नावांवरून आहे. पोर्टल आधार, पॅन वगैरे तिथल्या तिथे पडताळते आणि जुळले तर दाखला लगेच देते. सोय चांगलीच आहे. पण आपल्या लोकांची नावे पाहा. आधारवर 'शेख अब्दुल रहीम', पॅनवर 'अब्दुल रहीम शेख', बँकेत 'ए. आर. शेख'. मोहम्मद हे एकच नाव चार कागदांवर चार तऱ्हेने लिहिलेले. उर्दू शाळेच्या दाखल्यावरून इंग्रजीत उतरवताना ज्याच्या हाती लेखणी होती त्याने मनाला येईल तसे लिहिले. पोस्टाच्या खिडकीवरचा बाबू माणूस ओळखून समजून घेत असे. यंत्र ओळख धरत नाही. आम्ही स्वतः जीएसटीच्या नोंदणीच्या वेळी एका अक्षरापायी बरेच दिवस अडकलो होतो. तेव्हा केबलवाल्याने अर्जाची वाट न पाहता आधार आणि पॅन आजच समोरासमोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून घ्यावे.

दुसरी गोष्ट याहून नाजूक. आपल्याकडे धंदा घरचा असतो आणि बोली तोंडी असते. दाखला वालिदांच्या नावाचा, वसुली थोरल्याची, खांबावर चढणारा धाकटा. वर्षाच्या मुदतीत हे निदान दरसाल नजरेखालून जाई. पाच वर्षांत मात्र पुष्कळ काही घडते. माणूस जातो, भाऊ वेगळे होतात, दुकान दुसऱ्या गल्लीत जाते. मयत माणसाचे आधार घेऊन नूतनीकरण कसे करणार? आणि दाखला ज्याच्या नावावर, कागदावर धंदा त्याचाच. मग पंधरा वर्षे वायर ओढणाऱ्या भावाच्या हातात काय राहते? वाटणी झाली की त्याच आठवड्यात लेखी करून घ्यावे आणि ज्याच्याकडे लाइन आली त्याने आपल्या नावाने नोंदणी करून घ्यावी. भावाभावांत कागद कसला, असे म्हणणारे वडीलधारे आहेत. त्यांचा आम्ही आदर करतो, पण कापडबाजारात अशा तोंडी बोलीतून झालेले तंटे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

नोंदणीवाचून केबल चालविणे कायद्याने मना आहे. 2023 च्या जनविश्वास कायद्याने या कायद्यातील तुरुंगाची शिक्षा काढली, हे बरे झाले. पण दाखल्याविना वरून सिग्नल देणारी मोठी कंपनी, जिला एमएसओ म्हणतात, ती दाराशीही उभे करणार नाही. आणि तिच्यापुढे लहान माणसाचे बळ म्हणावे असा हा एक कागद.

सरकारलाही एक सांगणे आहे. अर्ज नाकारला तर 30 दिवसांत दिल्लीला अवर सचिवांकडे अपील करायचे, असा नियम आहे. मोहल्ल्यातल्या दोनशे घरांच्या केबलवाल्याला दिल्ली लांब आहे. अर्ज पोर्टलवरच घ्यावेत, पण पोस्टाची ती खिडकी मदतीपुरती तरी राहू द्यायला हवी होती.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी किमान 90 दिवस करायचा आहे. म्हणजे ज्याचा दाखला 31 मार्च 2030 रोजी संपतो, त्याने 31 डिसेंबर 2029 च्या आत अर्ज केला पाहिजे. ही तारीख दाखल्याच्या झेरॉक्सवर लाल शाईने लिहून ती गल्ल्याजवळ लावून ठेवावी.