पाण्याचा आकडा कुणाच्या भाषेत?

कार्तिकातल्या एका पहाटे मी पंचगंगा घाटाच्या शेवटच्या पायरीवर उकिडवा बसून निर्जंतुक बाटलीत पाणी भरत होतो. शेजारी बर्फाची पेटी होती. वर आकाशदिव्यांच्या टोपल्या बांबूंवर डुलत होत्या. माझी आत्या दोन पायऱ्या खाली छातीभर पाण्यात उभी होती. आमच्या घराण्याची एक शाखा चार पिढ्या ब्रह्माघाटाच्या गल्लीत राहिलेली. आत्या त्या घरातली शेवटची मराठी बोलणारी. ती नदीतूनच म्हणाली, "काय रे, निघालं काय त्या पाण्यात?" मी म्हणालो, "अजून तपासायचंय, आत्या."

तपासलं. बाटल्या प्रयोगशाळेत गेल्या, नळ्यांत वायूचे बुडबुडे आले, तक्त्यावरून आकडा निघाला. स्नानाच्या पाण्यात 100 मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कोलिफॉर्मची इष्ट मर्यादा 500 आणि कमाल मर्यादा 2500 आहे. माझा आकडा तिच्या कितीतरी वर होता. पुढच्या वर्षी आत्याने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "पेपर छापून यायचाय." तो आला, इंग्रजीत, एका परदेशी नियतकालिकात. माझी बढती झाली. आत्या आणखी सहा कार्तिक त्याच पायरीवर न्हायली. ती वयाने गेली. पाण्याने तिला काही झालं असं मी म्हणत नाही. पण तिने दोनदा सरळ प्रश्न विचारला होता, उत्तर माझ्या वहीत होतं, आणि मी ते तिला दिलं नाही.

हा लेख माझ्यासारख्या संशोधकांविरुद्ध आहे, म्हणून सुरुवात स्वतःपासून केली.

आपल्याकडे कुणी गंगेवर किंवा गरिबीवर बोलू लागलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: विद्यापीठांनी समाजाच्या प्रश्नांवर संशोधन करायला हवं. माझं म्हणणं असं की संशोधन होतंच आहे, वर्षानुवर्षं होतं आहे. ते सांगायचं कुणाला, हे मात्र आपण ठरवलेलं नाही.

काशीचंच उदाहरण घ्या. 14 जून 1986 रोजी राजीव गांधींनी याच शहरात गंगा कृती योजनेचा आरंभ केला. दीनापूरला दिवसाला 8 कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प उभा राहिला. बनारस हिंदू विद्यापीठात जलअभियांत्रिकी शिकवणारे प्राध्यापक वीरभद्र मिश्र तेव्हापासून सांगत होते की विजेवर चालणारी ही पद्धत या शहराला झेपणार नाही. वीज गेली की पंप थांबतात आणि मैला नदीत जातो. शिवाय या पद्धतीत जंतू पुरेसे मरत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विल्यम ऑस्वाल्ड यांच्याबरोबर त्यांनी तलावांच्या मालिकेचा पर्याय मांडला: सूर्यप्रकाश, शेवाळ आणि वेळ यांच्या जोरावर पाणी शुद्ध करणारा. मिश्र 2013 मध्ये गेले तोवर तो पर्याय काशीत उभा राहिला नव्हता. मधल्या काळात 2010 मध्ये सात आयआयटींना गंगा खोऱ्याचा आराखडा करायला सांगितलं गेलं, 2014 नंतर नमामि गंगे आलं, दीनापूरला 14 कोटी लिटरचा आणखी एक प्रकल्प झाला. यात ज्ञानाचा तुटवडा कुठे दिसतो?

दिसते ती दुसरी गोष्ट. हे सगळं ज्ञान खालून वर गेलं: घाटावरून प्रयोगशाळेत, प्रयोगशाळेतून मंत्रालयात किंवा नियतकालिकात. वरून खाली काही आलं नाही. 2025 च्या महाकुंभात प्रयागच्या पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म मर्यादेबाहेर असल्याचा अहवाल केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने राष्ट्रीय हरित लवादापुढे ठेवला. राज्य सरकारने तो नाकारला. दोन्ही बाजू कागदांवर भांडत होत्या आणि त्याच दिवसांत कोट्यवधी माणसं त्या पाण्यात बुड्या मारत होती. पाणी त्यांच्या नाकातोंडात जात होतं, पण त्या भांडणात ती कुठेच नव्हती.

गंगा लांबची वाटत असेल तर आपल्या सह्याद्रीकडे या. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट 2011 मध्ये केंद्र सरकारला दिला. तो लोकांसमोर यायला 2012 चा मे उजाडला, तोही माहिती अधिकाराचा अर्ज आणि दिल्ली उच्च न्यायालयापर्यंतची लढाई झाल्यावर. गाडगीळांचा आग्रह होता की अहवाल स्थानिक भाषांत ग्रामसभांपुढे जावा आणि निर्णय तिथून वर यावेत. तसं झालं नाही. मग ज्यांनी तो वाचला नव्हता त्यांना ज्यांना तो नको होता त्यांनी सांगितलं की तुमची शेती जाणार, घरं जाणार. रिकाम्या जागेत अफवा शिरली. ही जागा रिकामी ठेवण्यात सरकारचा वाटा मोठा, पण आम्हा विद्यापीठवाल्यांचाही आहे. देशी भाषेत लिहिणं हे आम्ही खालचं काम मानलं.

यावर तीन आक्षेप नेहमी येतात.

पहिला: आकडे सांगितले तर श्रद्धा दुखावते. मिश्र संकटमोचन मंदिराचे महंत होते आणि रोज गंगेत स्नान करत. ते सांगत की भाविकाला 'गंगा अपवित्र आहे' म्हणाल तर तो तुमच्यावर उखडेल. 'आईच्या अंगावर मैला ओततायत' म्हणाल तर तो तुमच्याबरोबर येईल. त्यांच्या प्रतिष्ठानाने तुळशी घाटावरच पाण्याची प्रयोगशाळा थाटली. श्रद्धेची ढाल पुढे करणाऱ्या संशोधकाला बहुधा श्रद्धाळू माणसाशी बोलायचाच कंटाळा असतो.

दुसरा: सामान्य माणसाला आकडे कळत नाहीत. माझ्या आत्याला पंचांग कळत होतं, व्याजाचा दर कळत होता, पुराचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं की सामान वरच्या मजल्यावर न्यायचं हे कळत होतं. पाचशेच्या जागी काही हजार म्हणजे काय, हे तिला कळलं नसतं?

तिसरा आक्षेप खरा आहे: याचं श्रेय मिळत नाही. बढतीचे गुण नियतकालिकांतल्या लेखांना आहेत. घाटावर लावलेल्या फलकाला शून्य. संस्थांच्या क्रमवारीचंही तेच. पण हे नियम आभाळातून पडलेले नाहीत. निवड समित्यांवर आम्हीच बसतो. आयआयटी मुंबईत 1985 पासून ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. तिथल्याच पुढाकारातून उन्नत महाराष्ट्र अभियान निघालं आणि जिल्ह्याचे पाण्याचे, रस्त्यांचे प्रश्न अभियांत्रिकी महाविद्यालयांनी अभ्यासक्रमातच घ्यावेत, अशी वाट राज्य सरकारच्या मान्यतेने निघाली. म्हणजे करता येतं. करायचं नसतं तेव्हा नियम आठवतात.

आणि भाषेचा वाद काशीत नवा नाही. पैठणच्या एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची मराठी टीका याच शहरात 1573 मध्ये पुरी केली. परंपरा सांगते की हे ज्ञान प्राकृतात आणलं म्हणून इथल्या पंडितांनी आधी त्यांना जाब विचारला आणि नंतर त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली. साडेचारशे वर्षांपूर्वी ज्यावर भांडण होऊन निकाल लागला, त्या मुद्द्यावर आमची विद्यापीठं अजून हरलेल्या बाजूला उभी आहेत.

माझी मागणी लहान आहे. सार्वजनिक पैशातून कुणी पाण्याचा, मातीचा, हवेचा नमुना घेतला तर त्याचा निकाल महिन्याभरात, नमुना घेतला त्याच जागी, तिथल्या लोकांच्या भाषेत लावला पाहिजे. प्रकल्पाचा शेवटचा हप्ता त्यानंतरच मिळावा. आणि तो निकाल एकदा तोंडी, समोरासमोर सांगितला पाहिजे.

मागच्या कार्तिकात मी हे करून पाहिलं. अहिल्याबाईंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दगडी दीपस्तंभाजवळ न्हाऊन बसलेल्या बायका होत्या, एक घाटिया होता, दोन मल्लाह होते. मी मोडक्या हिंदीत आकडा सांगितला, मर्यादा सांगितली. कुणी रागावलं नाही. एकीने विचारलं, पहाटे कमी असतं की दुपारी? मल्लाहाने विचारलं, नाला उतरतो त्याच्या वर किती अंतर गेलं की फरक पडतो, आणि मधल्या धारेत नाव नेऊन न्हायलं तर? एक म्हातारी म्हणाली, तोंडात न घेता नुसती बुडी मारली तर चालेल का?

तीस वर्षांत एकाही परिसंवादात मला इतके नेमके प्रश्न विचारले गेले नव्हते. एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण माझे सगळे नमुने एकाच पायरीवरचे आणि एकाच वेळेचे होते. मी ते चारही प्रश्न वहीत उतरवून घेतले. येत्या कार्तिकात बाटल्या त्यांच्यासाठी भरायच्या आहेत.