पेशींचा संधि

व्याकरणांत संधि होतो तो दोन वर्ण अगदीं निकट आले म्हणजे. शरीरांत मात्र नुसती निकटता पुरत नाहीं. पेशीला पेशीचा हात धरावा लागतो. १९०७ सालीं विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञानें जिवंत स्पंज रेशमी कापडांतून गाळून त्याच्या पेशी सुट्या केल्या. त्या पाण्यांत पुनः एकत्र आल्या व त्यांचा स्पंज बनला. आपल्यासारख्या प्राण्यांत पेशींना धरून ठेवणाऱ्या एका प्रमुख प्रथिनकुलाचा शोध क्योटोच्या मासातोशी ताकेइची यांनीं लाविला. कॅल्शियम असेल तरच पकडणारीं हीं प्रथिनें 'कॅडहेरिन' होत.

कॅडहेरिन पेशीच्या आवरणांतून आरपार गेलेलें असतें. त्याचें बाहेरील टोंक शेजारणीच्या तशाच टोंकास धरतें. आंतील टोंक 'कॅटेनिन' प्रथिनांच्या द्वारें पेशीच्या तंतूंशीं बांधलेलें असतें. त्वचा व तोंडाचें आंतील अस्तर यांना घर्षण फार. म्हणून तेथें 'डेस्मोसोम' नांवाचीं, टांक्यांसारखीं बळकट जोडस्थानें विपुल असतात. शरीराचींच संरक्षक द्रव्यें या टांक्यांवर उलटलीं, तर 'पेम्फिगस' हा फोडांचा रोग होतो.

वाशीमसारख्या जिल्ह्यांतील कुटुंबांनीं हें कां जाणावें? आपल्या विदर्भांत खर्रा चघळणारे घरोघर आढळतात. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यावर बंदी आली, तरी व्यसन सरलें नाहीं. तोंडाच्या अनेक कर्करोगांत ई-कॅडहेरिन घटलेलें आढळतें. पकड सैल झाली म्हणजे पेशी आपलें स्थान सोडून मानेतील गांठींपर्यंत पोंचूं शकतात. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें. त्याच परिवारांतील खारघर येथील संशोधनसंस्थेंत डेस्मोसोममधील 'प्लाकोफिलिन-३' घटविल्यास पेशींची पकड ढिली होते, असें दिसून आलें आहे.

तंबाखू आमच्या घरीं नाहीं, असें म्हणून निश्चिंत राहूं नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंस्थेनें नुसत्या सुपारीसहि कर्ककारक ठरविलें आहे. तेव्हां पूजेंतील सुपारी पूजेपुरतीच असावी. जेवणानंतरच्या तबकांत बडीशेप पुरे. तोंडांत पांढरा वा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम राहिली, किंवा तोंड पूर्वीसारखें उघडेनासें झालें, तर घरगुती लेपांत वेळ न दवडतां डॉक्टरांस दाखवावें. वडील मंडळी संकोचानें सांगत नाहींत. म्हणून सुनांनीं व नातवंडांनीं आपण होऊन विचारावें.