त्रासन नव्हे, आश्वासन

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचे नातेवाईक पुष्कळदा मानसोपचारतज्ज्ञापूर्वी आपल्याकडे येतात. भाईंदरच्या उत्तन किनाऱ्यावरील चौकसारख्या मच्छीमार वस्तीत ठाण्याचे मनोरुग्णालय दूर, ओळखीचा वैद्य जवळ. नाखवा समुद्रात, गृहिणी मासळीबाजारात. मग रुग्णाचा सांभाळ बहुधा घरातील वृद्धांवर येतो. अशा कुटुंबास केवळ ब्राह्मी घृत देऊन परत पाठविणे पुरेसे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चरकाचार्यांनी मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार यांच्या विभ्रमास उन्माद म्हटले. स्नान टाळणारा, कामावर न जाणारा मुलगा आळशी नसून आजारी आहे, हे यावरून घरच्यांना समजावता येते. चिकित्सास्थानात सुहृदांनी द्यावयाचे आश्वासन सांगितले आहे. बांधणे व भय दाखविणे हेही सांगितले आहे. आज यांतील पहिलेच स्वीकारार्ह होय. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्णास साखळदंडाने बांधण्यास मनाई आहे. लंडनमधील जॉर्ज ब्राऊन व सहकाऱ्यांच्या १९७२ च्या अभ्यासातही टोचून बोलणे, वैरभाव व अतिकाळजी असलेल्या घरांत आजार अधिक उलटल्याचे आढळले.

महाराष्ट्रात हे कार्य नवे नाही. पत्नीच्या आजारपणातून गेलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाने रुग्णाच्या बहिणीची ओढाताण घरोघरी पोहोचविली.

आपण काय करावे? रुग्णाला ऐकू येणाऱ्या आवाजांवर वाद घालू नये, त्यांना दुजोराही देऊ नये. ‘तुला भीती वाटते, आम्ही जवळ आहोत’ एवढे म्हणावे, असे घरच्यांना शिकवावे. छोटे काम नेमून द्यावे, झाले की कौतुक करावे. सांभाळणाऱ्यालाही विश्रांती हवी, हे सांगावे. तज्ज्ञाने दिलेली औषधे आपल्या सांगण्यावरून कधीही बंद होऊ नयेत. सर्पगंधा मागणाऱ्यास औषधविक्रेत्याने प्रथम चालू उपचार विचारावेत. दोन्ही एकत्र घेतल्यास ग्लानी येणे, रक्तदाब उतरणे संभवते. आत्मघाताचे बोलणे कानी आल्यास रुग्णास एकटे न सोडता त्वरित रुग्णालयात न्यावे. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक दुकानात ठळक लावावा.

सत्त्वावजय ही आपल्याच शास्त्राची चिकित्सा आहे. ती रुग्णाच्या घरापर्यंत नेणे, हे आपले कर्तव्य आहे.